मिकीकडे नोकरी लागली, पण राहणार कुठे?

सुट्ट्या जवळ आल्या की फ्लोरिडातल्या ओरलँडोत राहणाऱ्या मराठी माणसाला दोन प्रकारचे फोन येतात. एक, आम्ही फिरायला येतोय, तिकिटं स्वस्तात कुठे मिळतील. आणि दुसरा, जो हल्ली वाढत चाललाय, "ताई, आमच्या सायलीला डिस्नेत इंटर्नशिप मिळालीये, राहायचं कसं करायचं हो?" पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही (स्वस्त तिकीट ही अफवा आहे). दुसऱ्यावर मात्र मी तासभर बोलू शकते, कारण माझी भाची ओहायोतल्या कॉलेजातून इथे हीच इंटर्नशिप करून गेली आणि त्यानंतर तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या बहिणी, सगळ्यांची घरं शोधायला मीच गाडी काढून फिरलेय. तेच तेच फोनवर सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी आई-बाबांसाठी थोडं. इंटर्नशिप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर लॅपटॉप, एसी ऑफिस आणि गळ्यात लटकवलेलं ओळखपत्र येतं. डिस्नेची ही इंटर्नशिप, म्हणजे डिस्ने कॉलेज प्रोग्रॅम, तसली नाही. राइडच्या दाराशी उभं राहून लोकांना बसवायचं, पॉपकॉर्नच्या गाडीवर उभं राहायचं, हॉटेलात चेक-इन करायचं, स्विमिंग पूलवर लाइफगार्ड, अशी कामं. पगार तासावर, शिफ्ट दर आठवड्याला बदलणार, सणासुदीला सुट्टी विसरा कारण तीच तर गर्दीची वेळ. आणि मुदत काही महिन्यांची. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण घराचा सगळा घोळ तिथेच आहे. अमेरिकेत घर भाड्याने देणारा माणूस बारा महिन्यांचा हिशोब करून बसलेला असतो आणि आपलं पोर सहा-सात महिन्यांसाठी येणार असतं. त्यामुळे घर शोधताना सगळे भाडं किती, भाडं किती करत बसतात, मी मात्र आधी विचारते की मध्येच सोडून जायची वेळ आली तर काय होईल.

आता सगळ्यात सरळ पर्याय. कंपनीच्या प्रोग्रॅमतर्फे मिळणारं घर, म्हणजे फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज व्हिलेज. पूर्वी व्हिस्टा वे, चॅटम स्क्वेअर, पॅटरसन कोर्ट आणि द कॉमन्स अशा चार कॉलन्या होत्या, जुने लोक अजून त्यांच्याच गोष्टी सांगतात, पण ते सगळं आता बंद. नवीन वसाहत डिस्नेच्या पश्चिम टोकाला, वेस्टर्न वे जिथे ४२९ नंबरच्या टोल रोडला भेटतो तिथे आहे, चालवते अमेरिकन कॅम्पस कम्युनिटीज नावाची कंपनी जिचा धंदाच विद्यार्थ्यांची घरं हा आहे. आकार ऐकून चाट पडाल, दहा हजारांच्या वर बेड आहेत. एक छोटं गावच म्हणा, फक्त गावात सगळे विशीतले आणि सगळ्यांची शिफ्ट वेगळी. फर्निचर असतं, लाइट-पाणी-इंटरनेट भाड्यात धरलेलं, वॉशिंग मशीन आणि ड्रायर घरातच, जिम आहे, पूल आहेत, बाजूला चालत जाता येईल असं टार्गेट नावाचं मोठं दुकान आहे. आणि कामावर न्यायला-आणायला बस. तिथे राहणं सक्तीचं नाही, बाहेर राहायचं तर राहा.

भाडं आठवड्याचं असतं आणि ते थेट पगारातून कापतात. किती, ते किती बेडरूमचं अपार्टमेंट आणि खोली एकटीची की शेअरिंगमध्ये यावर ठरतं, आकडे दरवर्षी बदलतात म्हणून ऑफर लेटरसोबत जो तक्ता येईल तोच बघा, नेटवरचे जुने व्हिडिओ बघून बजेट करू नका. पण हिशोब कसा करायचा ते सांगते कारण इथे हुशार हुशार लोक चुकताना बघितलेत. समजा आठवड्याला २२० डॉलर आहे. लोक पटकन चारने गुणतात आणि म्हणतात ८८०. अहो वर्षात आठवडे ५२, महिने १२, म्हणजे महिना ४.३३ आठवड्यांचा. खरा आकडा येतो ९५३. सत्तर डॉलरचा फरक, महिन्याला! बाहेरच्या मासिक भाड्याशी तुलना करताना हाच आकडा घ्यायचा.

आणि पगाराची बाजू पण बघा. फ्लोरिडाचं किमान वेतन २०२० च्या मतदानानंतर दरवर्षी एकेक डॉलरने वाढत आलंय, ३० सप्टेंबर २०२६ पासून ते १५ डॉलर. समजा तासाला १५ धरले आणि मंदीच्या आठवड्यात ३० तासच काम मिळालं, तर ४५० डॉलर. त्यातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीच्या औषधपाण्याची योजना) ७.६५ टक्के म्हणजे चौतीसेक डॉलर गेले, थोडा इन्कम टॅक्स कापला (राज्याचा इन्कम टॅक्स फ्लोरिडात नाही, तेवढंच सुख), मग २२० भाडं. हातात दोनशेच्याही खाली. यात किराणा, फोनचं बिल, आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींबरोबर बाहेर जेवण. गर्दीच्या आठवड्यात ओव्हरटाइम मिळाला की भरून निघतं, पण भाडं काही तास बघून कमी-जास्त होत नाही. म्हणून येताना खात्यात थोडे पैसे टाकून पाठवा, पहिला पगार यायच्या आत खर्च सुरू होतात.

राहायला कसं आहे म्हणाल तर भाचीच्या खोलीचंच सांगते. एका खोलीत दोन बेड, मध्ये जेमतेम दोन पावलांची जागा. तिची रूममेट सकाळच्या रेस्टॉरंटात, म्हणजे पहाटे साडेतीनला अलार्म. भाची पार्कातले रात्रीचे फटाके संपल्यावर दुकान बंद करणारी, म्हणजे घरी यायची दीड वाजता. दोघींनी मिळून एक नियम केला होता, रात्री मोठा दिवा लावायचा नाही, फोनच्या उजेडात कपडे बदलायचे, आणि दुसऱ्या दिवशीचा युनिफॉर्म आधीच बाथरूमच्या दाराला अडकवून ठेवायचा. फ्रिजवर मास्किंग टेप लावून कप्प्यांची वाटणी, त्यातही कुणाचं तरी ओट मिल्क आपल्या कप्प्यात घुसलेलं. पहिल्यांदा हिने वरणाला फोडणी दिली तेव्हा स्मोक अलार्म असा कोकलला की सगळ्या पोरी टॉवेल घेऊन वारा घालत बसल्या. पण त्याच पोरी हिला ताप आला तेव्हा सूप करून देत होत्या, हेही खरं. अनोळखी शहरात पोर एकटं नाही, ही गोष्ट आई म्हणून मला तरी खूप मोठी वाटते. बावीस वर्षांच्या पोराला वाटणार नाही कदाचित.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. ही घरं नोकरीला बांधलेली आहेत. नोकरी संपली की घर संपलं. मार्च २०२० मध्ये कोव्हिडमुळे पार्क बंद झाली, प्रोग्रॅम थांबवला गेला, आणि हजारो मुलांना काही दिवसांच्या आत खोल्या रिकाम्या करून घरी जावं लागलं. पुन्हा सुरू झाला तो २०२१ च्या उन्हाळ्यात. असं रोज होत नाही हो, पण मुलीला काम झेपलं नाही, तब्येत बिघडली, कॉलेजने बोलावलं, तर सामान उचलून कुठे जायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं. आता याचीच दुसरी बाजू, जी लोक विसरतात. नोकरीला बांधलेलं असल्यामुळे सुटायलाही सोपं. सोडलं की भाडं थांबतं, उरलेल्या महिन्यांसाठी कुणी मागे लागत नाही. बाहेर भाड्याने घेतलं तर नेमकं उलटं, नोकरी गेली तरी छप्पर राहतं, पण छपराचं बिलही राहतं.

तर बाहेरचं बघू. डिस्नेच्या भोवती राहायची ठिकाणं म्हणजे उत्तरेला हॉरायझन वेस्ट आणि विंटर गार्डन, दक्षिणेला सेलिब्रेशन आणि किसिमी, नैऋत्येला डेव्हनपोर्ट, पूर्वेला लेक बुएना व्हिस्टा आणि इंटरनॅशनल ड्राइव्हचा पट्टा. सेलिब्रेशन दिसायला सुंदर, विद्यार्थ्याच्या पगाराला झेपत नाही. हॉरायझन वेस्टमध्ये आपले लोक भरपूर, नवीन अपार्टमेंट पण भरपूर, भाडी चढी. किसिमी आणि डेव्हनपोर्टला स्वस्त मिळतं पण आय-४ नावाचा जो महामार्ग आहे त्याचा ट्रॅफिक नकाशावर दिसत नाही, तो भोगावा लागतो. डेव्हनपोर्टहून पंचवीस मिनिटं म्हणून सांगतात ते पहाटे पाचचं, संध्याकाळी मी त्याच रस्त्यावर अख्खं पॉडकास्ट ऐकून संपवलंय.

गाडी नसेल तर बाहेर राहायचा विचारच करू नका, हे माझं ठाम मत आहे. लिंक्स बस आहे, तिकीट २ डॉलर, पण क्लोजिंग शिफ्ट संपल्यावर मध्यरात्री त्या बसच्या भरवशावर पोरीला उभं करू नका. सनरेल नावाची लोकल ट्रेन आहे ती डिस्नेपर्यंत जातच नाही आणि शनिवार-रविवारी धावत नाही, म्हणजे थीम पार्कवाल्यांच्या काही कामाची नाही. रोज उबर परवडत नाही. मग गाडी आली, म्हणजे विशीतल्या ड्रायव्हरचा इन्शुरन्स आला, पेट्रोल आलं, ४२९ आणि ४१७ चे टोल आले. हे सगळं भाड्यात मिळवून मग बोला बाहेर स्वस्त पडतं की नाही.

लीज, म्हणजे भाडेकरार. मोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सवाले भाड्याच्या तिप्पट मासिक उत्पन्न दाखवा म्हणतात, इंटर्नचा पगार त्यात बसत नाही, मग आई-बाबांना गॅरंटर म्हणून सही करावी लागते. करा, पण काय सही करताय ते वाचा. चार मैत्रिणींनी मिळून एकच लीज घेतली असेल तर एक पळाली की तिचं भाडं उरलेल्या तिघींच्या डोक्यावर, आणि गॅरंटर तुम्ही असाल तर तुमच्या डोक्यावर. मध्येच सोडायचं तर फ्लोरिडाच्या कायद्यात एक तरतूद आहे, लीजला वेगळं कलम जोडून भाडेकरूने तशी सही केली असेल तर घरमालक लवकर सोडण्याची फी घेऊ शकतो आणि ती दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसते. हे कलम महाग वाटतं पण बारा महिन्यांच्या लीजवर सात महिने राहून जाणाऱ्यासाठी तेच तारतं, नाहीतर घर परत भाड्याने जाईपर्यंत उरलेल्या महिन्यांचं भाडं मागत राहू शकतात. ऑफिसात बसलेल्या बाईला सरळ विचारा, लवकर सोडल्यास किती, आणि तिने तोंडी सांगितलेलं कागदावर दाखवायला लावा.

बरं मग सहा महिन्यांचंच घेऊ म्हणाल, तर तिथे टॅक्स येतो. फ्लोरिडात सहा महिने किंवा त्यापेक्षा कमी मुदतीचं भाडं हे हॉटेलसारखं धरतात, त्यावर राज्याचा सेल्स टॅक्स आणि काउंटीचा पर्यटन टॅक्स, दोन्ही मिळून डिस्नेच्या आसपास साधारण १२ ते साडेतेरा टक्के होतात. एअरबीएनबीवर चार महिन्यांचं बघून "अरे छान आहे" म्हणणाऱ्यांना शेवटच्या पानावर धक्का बसतो तो हा. यात पूर्णवेळ कॉलेज विद्यार्थ्यांना सूट आहे, पण त्यासाठी कॉलेजचं पत्र लागतं, आणि इंटर्नशिपच्या सेमिस्टरला मुलगी पूर्णवेळ धरली जाते का ते तिच्या कॉलेजच्या रजिस्ट्रारकडून आधी लिहून घ्या. बऱ्याच कॉलेजांत ते आपोआप होत नाही.

एक पर्याय कुणी फारसा सांगत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाच्या भोवती विद्यार्थ्यांसाठीची अपार्टमेंट आहेत, तिथे लीज प्रत्येक बेडची वेगळी असते, म्हणजे रूममेट पळाली तर तिचं ती बघेल. तिथली पोरं उन्हाळ्यात घरी जातात आणि लीज ऑगस्टपर्यंत चालू असते, त्यामुळे मे ते जुलै सबलीज, म्हणजे त्यांच्या लीजवरची जागा तेवढ्यापुरती, अगदी पडेल भावात मिळते. फर्निचरसकट. पण ते शहराच्या पूर्वेला, डिस्नेपासून तीसेक मैल. युनिव्हर्सलला (इथलं दुसरं मोठं थीम पार्क) काम असेल तर बरंच जवळ पडतं, आणि डिस्नेला फक्त उन्हाळ्यापुरतं आणि गाडी असेल तरच. सबलीज घेताना मूळ लीजवाल्या ऑफिसची लेखी परवानगी हवीच, नुसतं त्या पोराला पैसे पाठवून किल्ली घेतली तर कायद्याने तुम्ही तिथे कुणीच नाही.

आता डेव्हनपोर्ट-किसिमीचे बंगले. पर्यटकांसाठी बांधलेली पाच-सहा बेडरूमची घरं, मागे छोटा पूल, आणि मालक एकेक खोली इंटर्न पोरांना देतो. काही छान असतात. पण आमच्या ओळखीतल्या एका मुलाने फोटो बघूनच डिपॉझिट पाठवलं, मी त्या पत्त्यावर जाऊन बेल दाबली तर आतून एक आजोबा बाहेर आले, गेली कित्येक वर्षं तिथेच राहणारे, भाड्याने द्यायचं त्यांच्या स्वप्नातही नाही. फोटो कुठून तरी जुन्या विक्रीच्या जाहिरातीतून उचललेले. पैसे झेल नावाच्या पैसे पाठवायच्या ॲपवरून गेले ते गेलेच. त्यामुळे घर प्रत्यक्ष कुणीतरी बघितल्याशिवाय एक डॉलर पाठवायचा नाही, निदान समोरच्याला व्हिडिओ कॉलवर दार उघडून, रस्त्याच्या पाटीपासून खोलीपर्यंत चालत दाखवायला लावा. खरा मालक दाखवतो, खोटा चिडतो.

युनिव्हर्सलने दिलेल्या जमिनीवर कॅचलाइट क्रॉसिंग्ज म्हणून हजार घरांचा परवडणाऱ्या भाड्याचा प्रकल्प झालाय, लोक मला त्याबद्दलही विचारतात. सरकारी टॅक्स क्रेडिटवर बांधलेल्या घरांचा एक जुना नियम असतो, घरातले सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर काही अपवाद सोडून ते पात्र नाहीत. तेव्हा अर्जाची फी भरण्याआधी हा नियम तिथे लागू आहे का ते विचारा.

आणि नातेवाईकांकडे राहणं. मावशी आहे, काका आहेत, फुकट राहील. राहू दे ना, पण आठवडाभर. भाची आमच्याकडे सुरुवातीला होती तेव्हा रात्री दोनला गॅरेजचं दार वाजलं की मी जागी, तिला वाटायचं माझ्यामुळे मावशीची झोप मोडते, मला वाटायचं हिला उपाशी कसं झोपू देऊ, आणि मग आम्ही दोघी अडीच वाजता पोळी-भाजी खातोय. नवऱ्याने शेवटी हात जोडले. प्रेम टिकवायचं असेल तर वीकएंडला बोलवा, डबा भरून द्या.

फ्लोरिडाबाहेरचं थोडक्यात. ओहायोत सँडस्कीला एरी तलावातल्या भूशिरावर सीडर पॉइंट आहे, १८७० पासून चालू असलेलं पार्क. तिथे लांबून येणाऱ्या हंगामी स्टाफसाठी पार्कची स्वतःची वसतिगृहं आहेत. गाव लहान, हंगाम थोडा, त्यामुळे काही महिन्यांपुरतं बाहेर घर शोधण्यात अर्थच नाही, वसतिगृह मिळतंय तर डोळे मिटून घ्या.

भारतातून एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकायला आलेल्या मुलांनी थांबा जरा. कॅम्पसबाहेरच्या पगारी इंटर्नशिपला सहसा सीपीटी म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी लागते, ते काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं लागतं, आणि आय-२० वर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला कागद) ती तारीख छापून आल्याशिवाय कुठलीही लीज साइन करू नका. घर बदललं की दहा दिवसांत नवा पत्ता कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला कळवावा लागतो, ओरलँडोत आलात तेव्हा एकदा आणि परत गेलात तेव्हा पुन्हा. तुम्ही टॅक्ससाठी नॉन-रेसिडेंट असाल तर वर सांगितलेले ७.६५ टक्के बहुतेक तुमचे कापले जायला नकोत, पहिली पे-स्लिप उघडून बघा आणि कापले असतील तर लगेच पेरोलला सांगा.

वादळाचं पण बोलून घेते. जून ते नोव्हेंबर हरिकेनचा हंगाम. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आलं तेव्हा पार्क बंद होती, पार्क बंद म्हणजे तास बुडू शकतात, आणि बाहेर एकटं राहणाऱ्या पोरांना पाणी, टॉर्च, खाणं सगळं स्वतःच बघावं लागलं. कॉलनीत निदान कुणीतरी सूचना देतं. बाहेर घेणार असाल तर तळमजला घेण्याआधी शेजाऱ्यांना विचारा इथे पाणी साचतं का, घरमालकाला नको. आणि साध्या रेंटर्स इन्शुरन्समध्ये (भाडेकरूच्या सामानाचा विमा) पुराचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, ते वाचून घ्या.

माझ्याकडे मुली विचारायला येतात तेव्हा मी गाडी आहे का आणि आधी कधी घराबाहेर राहिलीयेस का एवढंच विचारते. दोन्हीला नाही असेल तर सरळ फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज, जमलं तर दोघींची खोली, आणि आपल्यासारख्याच शिफ्टची रूममेट शोध (एकाच ग्रुपमध्ये नाव घालायची सोय असते, तिचा काम-प्रकार विचारून घे). गाडी आहे, ओळखीच्या दोन-तीन जणी आहेत, दुसऱ्यांदा येताय, तर बाहेर बघा, पण लवकर सोडण्याचं कलम असलेलंच. एकटीने बाहेर घ्यायचं खूळ डोक्यात असेल तर माझ्याकडे चहाला ये, मी काढते.

निघायच्या वेळचं राहिलंच. बाहेरच्या घराला डिपॉझिट दिलं असेल तर फ्लोरिडात काही कापायचं नसल्यास मालकाने ते १५ दिवसांत परत करायचं असतं, आणि कापायचं असेल तर ३० दिवसांत सर्टिफाइड मेलने पत्र पाठवून कळवायचं. ते पत्र तुमच्या शेवटच्या पत्त्यावर जातं, म्हणून निघताना पुढचा पत्ता लेखी द्या आणि रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा, ओव्हनच्या आतून सुद्धा. तसंच डब्ल्यू-२. तो टॅक्सचा फॉर्म पुढच्या जानेवारीअखेर निघतो, तोवर पोरगी कॉलेजला परत गेलेली असते आणि फॉर्म कुणा तिसऱ्याच्याच पोस्टबॉक्सात पडून राहतो. कंपनीच्या सिस्टीममध्ये शेवटच्या शिफ्टच्या आत आई-बाबांचा पत्ता टाकून घ्या, त्यानंतर लॉगिन चाललं तर चाललं.